डाव्या डोळ्याचं पाणी

आईच्या तेरवीच्या दिवशी सकाळी मी चूळ भरली आणि ती तोंडात थांबेना. ओठ मिटलेले आहेत असं मला वाटत होतं, तरी डाव्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार साडीवर उतरली. पुन्हा भरली, तीही तशीच सांडली. कित्येक दिवस नीट झोप नव्हती, अकोल्यात ऊन पेटलेलं होतं, आदल्या संध्याकाळपासून डाव्या कानामागे ठणकत होतं. दमल्यामुळे असेल असं म्हणून मी पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन बायकांमध्ये बसले.

एखाद्या सकाळी ज्यांच्या चेहऱ्याची एक बाजू अशीच ऐकेनाशी होईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांना पहिली गोष्ट सांगायची ती ही, की पदरानं तोंड पुसून बायकांमध्ये जाऊन बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी का गेले नाही हे सांगायला मला जास्त जागा लागणार आहे, कारण ते कारण आजाराचं नव्हतं, लाजेचं होतं.

भेटायला येणाऱ्या बायका

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी भेटायला येणारी बाई दारातूनच रडत येते. घरच्या बाईनं उठून तिच्या गळ्यात पडायचं आणि तिच्याबरोबर रडायचं. मग दोघी शांत होतात, पाणी पितात, आणि कोणी किती वाजता कसं पाहिलं याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. रेखावहिनी, माझ्या भावाची बायको, हे सगळं मनापासून करत होती. आई शेवटची बरीच वर्षं तिच्याजवळ राहिली. सकाळी पोथी वाचायला बसली आणि बसल्या जागी गेली, ती वहिनीच्या डोळ्यांसमोर.

मला रडू आलं नाही. आई गेल्याचा फोन आला तेव्हा नाही, तिला उचललं तेव्हा नाही. मी लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसणारी, कमी बोलणारी; माझं असंच असतं असं म्हणून लोक सोडून देतात. पण गळ्यात पडलेल्या बाईला आपल्या खांद्यावरचं डोकं रडतं आहे की नाही हे कळतं. ती जरा लवकर सुटी होते.

तेरवीच्या दिवशी मात्र माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. पापणी खाली येत नव्हती, समोर कूलर सुरू होता, आणि उघड्या राहिलेल्या डोळ्यातून एकसारखी धार गालावर येत होती. मला त्याचं काही वाटतही नव्हतं. चांदूर बाजारहून आलेली बेबीमावशी, आईची धाकटी बहीण, माझ्याजवळ सरकली. तिनं आपल्या पदरानं माझा गाल पुसला आणि समोरच्या बायकांना म्हणाली, "पाहा व माय. एवढे दिवस आतल्या आत ठेवलं पोट्टीनं. आता थांबून नाही राह्यलं."

बायकांनी माना हलवल्या. एकीचे डोळे माझ्याकडे पाहून भरून आले. चेहऱ्यानं माझी अर्धी साथ सोडली होती आणि त्याबद्दल माझं कौतुक होत होतं. मी ते होऊ दिलं.

जेवणं झाल्यावर वहिनीनं मला नीट पाहिलं. "ताई, तोंड काहून वाकडं दिसून राह्यलं तुमचं?"

मी गालाला हात लावून पाहिला. हाताला गाल लागला, गालाला हातही लागला, पण गाल ढिला होता, दुसऱ्याचा असावा तसा.

"कूलरची हवा लागली असन," वहिनी म्हणाली. "आमच्या शेजारच्या काकूले अशीच लागली होती. एरंडीचं पान गरम करून शेकलं तं उतरली."

"कूलरचीच," मी म्हणाले. ती चूक करत होती हे मला माहीत होतं. तरी तिच्या त्या निदानाचा मला आधार वाटला, कारण माझ्या मनात आलेलं कारण त्याहून फार वाईट होतं.

ठसका

मी अमरावतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि नोकरी सांभाळून, बरीच उशिरा, पीएचडी करते आहे. विषय सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाक, तोंड, आतडी यांना आतून एक ओलं अस्तर असतं. त्याच्यावर रोज धूळ येते, अन्न येतं, हजार परक्या गोष्टी येतात. प्रत्येकीशी भांडत बसलं तर जगणं होणार नाही, म्हणून हे अस्तर बहुतेक गोष्टींकडे काणाडोळा करायला शिकलेलं असतं. नाकातून लस दिली तर तिच्याकडेही ते काणाडोळा करतं. त्याला जागं करायला लशीबरोबर काहीतरी चेतवणारं लागतं, आणि हे काम जुलाब घडवणाऱ्या जंतूंचं विष फार चांगलं करतं. ते आहे तसं देता येत नाही. त्याची रचना थोडी बदलून मारकपणा काढायचा आणि जागं करण्याची ताकद तेवढी ठेवायची, असा प्रयत्न जगात अनेक जण करत आले आहेत. त्यातला एक लहानसा तुकडा मी पांढऱ्या उंदरांवर करत होते.

आईनं एकदा विचारलं होतं, तू कॉलेजात उंदरांसोबत काय करते म्हणून. मी सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे फोडणीचा ठसका," ती म्हणाली. "ठसका उठला का झोपलेलं घर जागं होते."

मला ते इतकं आवडलं की मी वर्गात दोनदा वापरलं.

"अन् कोणाच्या डोयात गेला तं?" तिनं विचारलं.

"तेवढ्यापुरतं चुरचुरतं गं, आई. तात्पुरतं असतं."

आमच्या क्षेत्रात सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे. पूर्वी परदेशात असं विष घातलेली नाकातली लस माणसांना दिली गेली. घेणाऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि ती लस बंद करण्यात आली. विषाचा एक भाग पेशींना घट्ट धरतो, मज्जातंतूंनाही धरतो. नाकाचा रस्ता त्यांच्या फार जवळून जातो. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी हे लिहिलं होतं. एका वाक्यात. काही जणांना चेहऱ्याचा तात्पुरता पक्षाघात झाला, एवढंच. त्याच्या पुढे लगेच नव्या, सुधारलेल्या प्रकारांबद्दल दोन पानं होती.

तीन दिवसांचं सुतक

उंदरांचे डोस ठरलेल्या अंतरानं द्यावे लागतात. एक चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आई गेली त्याच आठवड्यात शेवटच्या डोसाचा दिवस येत होता. माझे मार्गदर्शक, ज्यांना मी सर म्हणते, त्यांनी फोनवर सांगितलं होतं की राहू दे, पुढच्या वर्षी नवीन उंदीर घेऊ. म्हणजे मला कोणीही बोलावलं नव्हतं.

लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचंच असतं. मुलाला पूर्ण, सुनेला पूर्ण, मुलीला तीन दिवस. या रीतीला मी आयुष्यभर नावं ठेवत आले. बाबा गेले तेव्हा यावरून मी भटजींशी वाद घातला होता आणि आई आतल्या खोलीतून मला गप्प बस म्हणत होती. त्या आठवड्यात मला तीच रीत आठवली. मी वहिनीला सांगितलं, "माझं सुतक संपलं. उद्या अमरावतीला जाऊन येते, कॉलेजचं काम आहे. तेरवीला येईन."

वहिनी म्हणाली, "तुमाले ठीक वाटते तं जा." भाऊ खाली सतरंजीवर बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या प्राणिगृहातला एसी बंद पडला होता. घामानं मास्क ओला होऊन नाकाला चिकटत होता, म्हणून मी तो हनुवटीवर ओढला. उंदराला मानेच्या कातडीला धरून उताणं करायचं आणि नाकपुडीवर थेंब ठेवायचा. तो श्वासाबरोबर आत जातो. बहुतेकांचा गेला. एकाला शिंक आली. माझ्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, गार तुषार लागले. मी बाहीनं पुसलं आणि पुढचा उंदीर घेतला.

तेरवीच्या दिवशी गाल ढिला लागला तेव्हा मला मेंदूचा झटका आठवला नाही. माझ्या वयाच्या बाईला आधी तोच आठवायला हवा. मला ती शिंक आठवली.

स्कार्फ

अमरावतीत उन्हाळ्यात चेहरा लपवायला काही करावं लागत नाही. राजापेठेच्या चौकात उभं राहून पाहा. गाडीवरच्या बायका, क्लासला जाणाऱ्या मुली, सगळ्यांचे चेहरे स्कार्फमध्ये बांधलेले, वर गॉगल. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं परत आले ती स्कार्फ बांधूनच. शेजारच्या बाईनं विचारलं नाही, कंडक्टरनं विचारलं नाही. कॉलेजला सुट्या होत्या, परीक्षेचं थोडं काम होतं, ते मी स्कार्फ न सोडता केलं. कोणी म्हणालं की मॅडमची आई गेली, राहू द्या.

माझा नवरा नितीन पाटबंधारे खात्यात आहे. तेरवीला तो पुरुषांच्या पंगतीत जेवून दुपारीच परतला होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. मी घरी आले तेव्हा तो कामावर होता. तो यायच्या आत मी जेवले, दिवा न लावता पडून राहिले. डोकं दुखतंय म्हटलं की तो त्रास देत नाही.

हे सगळं करताना मी स्वतःला काय सांगत होते, ते आता नीट आठवत नाही. डॉक्टरकडे गेलं तर तो विचारेल, काय काम करता. मग सांगावं लागेल. मग सरांना कळेल, कॉलेजला कळेल, काम बंद होईल. पण खरं सांगायचं तर कामाची भीती वरवरची होती. आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी कुठे होते, हे माझ्या तोंडावर लिहिलं गेलं आहे आणि आता ते सगळ्यांना वाचता येणार, असं मला वाटत होतं. विज्ञान शिकवणारी बाई असं समजत होती. काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीननं चहा केला. मी पाठ करून प्यायला गेले आणि चहा हनुवटीवरून खाली सांडला. त्यानं माझा खांदा धरून मला वळवलं.

"कधीपासून आहे हे?"

"तेरवीपासून."

"जगापासून लपव," तो म्हणाला. "माह्यापासून काहून लपवलं?"

एरवी तो माझ्याशी शहरातली मराठी बोलतो. त्याला लागलं की त्याच्या गावची भाषा बाहेर येते. त्यानं गाडीची किल्ली घेतली.

डोळा मिटा

डॉक्टर माझ्याहून लहान होते. त्यांनी भुवया वर करायला सांगितल्या, दात दाखवायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले. मग म्हणाले, "डोळे मिटा."

मी मिटले.

"घट्ट मिटा."

"मिटलेत."

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. उजवा डोळा मिटलेला होता. डावा सताड उघडा होता आणि त्यात बुबुळ नव्हतं, नुसतं पांढरं. डोळा मिटायला जाताना बुबुळ वर फिरतं. पापणी खाली आली नाही की ते असं दिसतं, हे डॉक्टरांनी समजावलं. मी ते ऐकलं. पण मनात एकच होतं, की त्या बायकांनी हे पाहिलं असेल. मी नमस्कार करताना डोळे मिटले असतील तेव्हा.

चेहऱ्याची नस सुजली होती. मेंदूत काही नव्हतं, हातपाय व्यवस्थित होते. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात आणि बहुतेकांचा चेहरा परत येतो. औषध मात्र पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग जास्त. "तुम्ही अगदी काठावर आलात," डॉक्टर म्हणाले. "किती परत येईल हे आता थांबूनच पाहावं लागेल. डोळा सांभाळा. बुबुळाला इजा झाली तर ती परत येत नाही."

त्यांनी साखर विचारली, कानात पुरळ आलं का विचारलं, अलीकडे कुठली लस घेतली का हेही विचारलं. मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. लस उंदरांनी घेतली होती.

अर्धा चेहरा

ज्यांना हे होईल त्यांना मला कळलेल्या काही गोष्टी सांगते.

पेला वापरू नका, नळी वापरा, आणि ती चांगल्या बाजूनं धरा. भात लुळ्या गालात साठतो आणि तुम्हाला कळत नाही. जेवल्यावर बोटानं काढावा लागतो. हे चारचौघांत करावं लागतं आणि पहिल्यांदा फार अपमान वाटतो. दिवसभर डोळ्यात थेंब घाला, झोपताना मलम लावून पापणी चिकटपट्टीनं बंद करा. ती पट्टी दुसऱ्यानं लावली तर नीट लागते. माझी नितीन लावत असे. तो रागावलेला होता आणि त्याचा राग योग्य होता. एकदा पट्टी लावता लावता त्यानं विचारलं, "आई असत्या तर त्यांच्यापासून लपवलं असतंस का?" मी बोटानं पापणी खाली ओढून धरली. उत्तर हो असं होतं.

ओठ जुळत नसले की प, ब, म नीट निघत नाहीत. माझं नाव मीना आहे. फोनवर नाव सांगताना तीनदा सांगावं लागायचं.

रोज सकाळी फिजिओथेरपी. भिंतीला आरसा, त्याच्यासमोर खुर्ची. गालाला विजेचे बारीक झटके, मग व्यायाम: ओठांचा चंबू करा, शीळ घाला, नाक आक्रसा. मला आरशात पाहवत नसे. शेजारच्या खुर्चीवर वरूडचे एक संत्रा व्यापारी असायचे, त्यांची उजवी बाजू गेली होती. ट्रक भरताना रात्रभर वाऱ्यात उभे राहिले म्हणून झालं, असं ते ठामपणे सांगत. एके दिवशी दोघं आरशासमोर शेजारी बसलो असताना ते म्हणाले, "मॅडम, तुमची उजवी अन् माही डावी. दोघाचा मिळून एक मानूस पुरा होते."

मला हसू आलं. हसताना माझं तोंड आणखी वाकडं झालं, त्यांचंही झालं, आणि त्यामुळे आम्ही जास्त हसलो. आजार सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदा आरशात स्वतःकडे पाहिलं ते त्या दिवशी.

सांगणं

दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरांना शिंकेबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं; उंदीर, विष, हनुवटीवरचा मास्क. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काही प्रश्न विचारले, ज्यांतल्या काहींची उत्तरं मलाही माहीत नव्हती.

"मी हो म्हणू शकत नाही आणि नाही म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे असे पेशंट नेहमी येतात. त्यांच्यातल्या कोणी उंदराला हात लावलेला नसतो. तुमच्या बाबतीत त्या शिंकेमुळे झालं असेल, किंवा नसेल. हे कळायचा मार्ग माझ्याकडे नाही."

मला शिक्षा हवी होती, निदान निर्दोष सुटका तरी. दोन्ही मिळालं नाही.

सरांकडे मी त्याच दिवशी गेले. ते माझा चेहरा पाहून उठून उभे राहिले. मी बोलत असताना पुन्हा बसले. रागावले नाहीत, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, मीना. त्या खोलीत तुझ्याशिवाय आणखी माणसं जातात."

एवढंच ते म्हणाले. माझ्या मनात तोपर्यंत एकदाही ती माणसं आली नव्हती. पिंजरे धुणारे, दुसऱ्या विभागाचे विद्यार्थी, रात्रीचा पहारेकरी. माझ्या लाजेत माझ्याशिवाय कोणाला जागा नव्हती. सरांनी कॉलेजला लेखी कळवलं, खोली काही काळ बंद झाली, सगळ्यांची विचारपूस झाली. कोणाला काही झालेलं नव्हतं. आता तिथे चेहऱ्यावर काच लावल्याशिवाय आत जाता येत नाही.

नंतर मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण उघडलं. ते वाक्य तिथेच होतं. तात्पुरता पक्षाघात. मी स्वतः लिहिलेलं, शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर असलेलं. त्या लोकांना भात गालातून बोटानं काढावा लागला असेल. त्यांच्या पापण्या कोणीतरी रात्री बंद केल्या असतील, किंवा करायला कोणी नसेल. त्यांतल्या कोणाचं लग्न ठरलं असेल, कोणाच्या घरी मयत झालं असेल. ज्या दिवशी पापणी मिटत नाही त्या दिवशी कोणालाही ती तात्पुरती मिटत नाही असं कळत नाही. मी आईलाही तेच सांगितलं होतं, ती मेथी निवडत असताना.

मी तो शब्द काढला. त्याच्या जागी काय लिहावं हे मला बरेच आठवडे सुचलं नाही. शेवटी एका वाक्याची पानाची एक पूर्ण बाजू झाली. सरांनी ती वाचली आणि ठेवू दिली.

परत आलेला चेहरा

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका सकाळी चूळ तोंडात थांबली. त्यानंतर हळूहळू भुवई हलली, मग नाकपुडी, मग ओठांचा कोपरा. पापणी पूर्ण मिटायला दिवाळी आली. नितीननं चिकटपट्टीची उरलेली गुंडाळी टाकून दिली नाही. ती अजून त्याच्या कप्प्यात आहे.

चेहरा परत आला, पण आहे तसा नाही. नस पुन्हा वाढताना काही धागे चुकीच्या घरी जातात. लाळेसाठी निघालेला एखादा धागा अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळतो. मग माणूस जेवायला बसला की त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं. माझं तसं झालं. घास चावू लागले की डावा डोळा वाहतो. आंबट असलं तर जास्त. डॉक्टर म्हणाले, उशिरा उपचार झाले म्हणूनच झालं असं नाही, पण तेही एक कारण असू शकतं. हे बहुधा राहील.

लोकांसमोर जेवायचं मी टाळू लागले. लग्नाच्या पंगतीत समोरचा माणूस घाबरतो. कोणी विचारलं तर मी तिखट लागलं म्हणत असे.

वर्षश्राद्धाला अकोल्याला जावंच लागलं. वहिनीनं उडदाचे वडे केले होते, कढी, खीर, आईला आवडायची ती आंबट चुक्याची भाजी. बायकांच्या पंगतीत बेबीमावशी माझ्या शेजारी बसली. मी पहिला घास घेतला आणि पाणी सुरू झालं. समोरच्या ओळीतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर मला तेरवीचं तेच कौतुक दिसलं. वर्ष झालं तरी पोरगी आईसाठी रडते.

मावशीचा हात पदराकडे गेला. मी तो धरला. मी हळू आवाजात सांगितलं, "मावशी, हे रडणं नाही. आजारात नस चुकीची जुळली. जेवलं की पाणी येतं. आणि तेरवीलाही मी रडत नव्हते. पापणी मिटत नव्हती म्हणून येत होतं ते."

मावशीनं तोंडातला घास संपवला.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "उजवा कोरडा होता."

मी तिचा हात सोडला.

"मग तू सगळ्यांसमोर तसं का म्हणालीस?"

"मंग काय म्हणू? पोट्टी रडत नाही, म्हणू?" तिनं कढीची वाटी जवळ ओढली. "तुही माय बी नव्हती रडली आमच्या मायले. तवा तुमचा वरूडचा बगीचा होता. संत्र्याचा तोडा लागला होता अन् व्यापाऱ्याचा ट्रक येऊन उभा. तिसऱ्या दिवशी आंघोय केली, म्हणे माहं सुतक झालं, अन् गेली तोड्यावर."

हे आईनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी वहिनीला तीच कारणं, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली होती.

"तवा मी तिले लय बोलली," मावशी म्हणाली. "परत आली तं चारचौघींत बोलली. माय मेली अन् तुले संत्रे दिसून राह्यले, म्हटलं. ती काही नाही बोलली. मान खाली घालून बसली. मंग आयुष्यात कवा तिनं तो विषय काढला नाही, अन् मीबी नाही काढला. आता काढाले ती नाही." तिनं कढीचा घोट घेतला. "म्हून तुले नाही बोलली."

वहिनी वाढत आमच्यापर्यंत आली होती. तिनं काही ऐकलं की नाही मला कळलं नाही. मावशीनं माझ्या पानाकडे बोट दाखवलं आणि वहिनीनं त्यात आणखी एक वडा ठेवला.

"खा," मावशी म्हणाली. "थंडा होते."

मी खाऊ लागले. डावा डोळा वाहत होता. समोरच्या बायका बघत होत्या आणि मी तोंड फिरवलं नाही. मावशीनं पदराचा शेव हातात घेतला, आधी माझा डावा गाल पुसला, मग उजवा.